ॲक्शन फिगर रंगवताना : प्लॅस्टिकची ओळख, रंगाची निवड आणि पातळ हात

पहिल्यांदा ॲक्शन फिगर रंगवायला घेणारा माणूस सर्वात आधी विचारतो की रंग कोणता आणू. त्याआधी पाहायचे ते हे, की हातातली फिगर कोणत्या प्लॅस्टिकची आहे आणि तिचे कोणते भाग एकमेकांवर घासतात. लावलेला रंग वर्षानुवर्षे टिकेल, महिन्याभरात चिकट होईल की पोपडे धरील, हे बहुतांशी या दोन गोष्टींवर ठरते. रंगाची किंमत त्यानंतर येते. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे. उदाहरणासाठी मी सहा इंची, म्हणजे १:१२ प्रमाणातली, एका सैनिकाची जुनी फिगर घेतली आहे आणि तिचा खाकी गणवेशातला वनरक्षक करायचा आहे असे धरले आहे. असा वनरक्षक मला कोणत्याही दुकानात मिळालेला नाही, आणि जे विकत मिळत नाही ते आपल्या हाताने घडवता यावे यासाठीच हा सारा खटाटोप असतो.

साचा तोच राहिला तरी रंग बदलला की माणूस बदलतो. हॅस्ब्रो या अमेरिकन कंपनीने १९६४ मध्ये जी. आय. जो हा खेळण्यातला सैनिक बाजारात आणला तेव्हा मुलगे ‘बाहुली’ घेणार नाहीत म्हणून ‘ॲक्शन फिगर’ हा शब्द पुढे आला. आपल्याकडे नव्वदच्या दशकात ज्यांचे बालपण गेले, त्यांना फनस्कूलचे जी. आय. जो आठवत असतील. त्यांतल्या कित्येकांचे साचे अमेरिकेतलेच होते, पण रंग निराळे होते, आणि तेवढ्या फरकाने तो आपला वेगळाच गडी वाटे. आपण घरी करणार आहोत तेही हेच.

आधी प्लॅस्टिक ओळखावे

सहा इंची फिगर सहसा एकाच प्लॅस्टिकची नसते. डोके, पंजे, कमरेचा पट्टा, वरून चढवलेले जाकीट हे भाग मऊ पीव्हीसीचे असतात. धड आणि मांड्या यांसारखे कडक भाग पुष्कळदा एबीएसचे असतात. सांध्यांतल्या बारीक खुंट्या कधीकधी मेणासारख्या गुळगुळीत प्लॅस्टिकच्या असतात आणि त्यांच्यावर कोणताच रंग नीट धरत नाही. जत्रेत मिळणारे हलके, पोकळ शिपाई बहुधा पॉलिथिलिनचे असतात. त्यांच्यावरचा रंग नख लागले की पापुद्र्यासारखा सुटतो, म्हणून शिकण्यासाठी स्वस्त मिळाले तरी ते घेऊ नयेत.

ओळखण्याची एक सोपी रीत आहे. सुटा होणारा एखादा भरीव भाग, उदाहरणार्थ हाताचा पंजा किंवा कमरेची थैली, पाण्याच्या पेल्यात टाकून बोटाने दाबावा, म्हणजे त्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे सुटतात. तो वर आला, तर पॉलिथिलिन किंवा पॉलिप्रॉपिलिन आहे असे समजावे, कारण ही दोन्ही पाण्यापेक्षा हलकी असतात. तो बुडाला, तर दुसऱ्या पेल्यात मीठ विरघळायचे थांबेपर्यंत मीठ घालून तयार केलेल्या पाण्यात तोच भाग टाकावा. एबीएस पाण्यापेक्षा किंचितच जड असल्यामुळे खाऱ्या पाण्यात वर येते. पीव्हीसी तिथेही तळ गाठते. ही परीक्षा पोकळ भागांवर चालत नाही, कारण आत अडकलेली हवा त्यांना तरंगत ठेवते.

पीव्हीसी ओळखता येणे इतके महत्त्वाचे का, ते सांगतो. पीव्हीसी मुळात कडक असते. ते मऊ राहावे म्हणून त्यात प्लॅस्टिसायझर नावाचे तेलकट द्रव्य मिसळतात, आणि हे द्रव्य फिगर कारखान्यातून बाहेर पडल्यावरही हळूहळू पृष्ठभागाकडे येत राहते. वर ऑइल पेंट, म्हणजे इनॅमल, किंवा उग्र वासाचा स्प्रे मारला, की त्यातले सॉल्व्हंट, म्हणजे रंग पातळ ठेवणारे द्रावक, प्लॅस्टिसायझरला आणखी वर ओढते, दोन्ही एकमेकांत मुरतात आणि रंग कधीच पूर्ण वाळत नाही. माझी पहिली फिगर मी घराचे दरवाजे रंगवून उरलेल्या ऑइल पेंटनेच रंगवली होती. चार दिवसांत ती वाळली असे वाटले आणि मी ती वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात ठेवली. पावसाळा गेला, गणपतीत ती बाहेर काढली, तेव्हा छातीवर बातमीची अक्षरे उलटी उमटलेली होती आणि पाठीला कागदाचा तुकडा असा चिकटला होता की तो सोलताना खालचा रंगही निघाला. पुढे वर्षभर ती हाताला चिकट लागत राहिली. एकदा असा रंग बसला की सगळा उतरवण्याखेरीज इलाज नसतो.

रंग कोणता घ्यावा

वरील कारणामुळे नवख्याने पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक रंगच घ्यावा, आणि त्यातही छोट्या मॉडेलसाठी बनवलेला. व्हायेहो या स्पॅनिश कंपनीचे मॉडेल कलर, किंवा गेम्स वर्कशॉपचे सिटाडेल, ही या कामातली परिचित नावे आहेत. यांतले रंगद्रव्य अतिशय बारीक दळलेले असते, त्यामुळे पातळ थरातही ते खालचा रंग झाकते आणि नाक, ओठ, बटणे असे बारीक कोरीव काम बुजत नाही. ताम्या या जपानी कंपनीचे ॲक्रिलिकही उत्तम आहेत, पण त्यांच्यात अल्कोहोल असल्यामुळे दुसरा हात, म्हणजे रंगाचा दुसरा थर, देताना ब्रशने पहिला हात उकलतो. एअरब्रशसाठी, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या यंत्रासाठी, ते फार चांगले. ब्रशने शिकणाऱ्याने मात्र त्यांच्यापासून सुरुवात करू नये.

या बाटल्या आपल्याकडे महाग पडतात आणि त्या मुख्यतः ऑनलाइन किंवा मोठ्या शहरांतल्या हॉबीच्या दुकानांत मिळतात. गावातल्या स्टेशनरीच्या दुकानात मिळणाऱ्या, चित्रकारांसाठी असलेल्या ॲक्रिलिकच्या ट्यूबवरही काम होते. १९३१ मध्ये दांडेकर बंधूंनी शाईपासून सुरू केलेल्या कॅमलिनच्या ट्यूब तर आपल्यापैकी बहुतेकांच्या शाळेच्या दप्तरातून आल्या आहेत. कॅनव्हाससाठीचा हा रंग घट्ट असतो, त्यात ब्रशच्या रेषा राहाव्यात अशीच अपेक्षा असते. म्हणून त्यात पाण्याबरोबर थोडे ॲक्रिलिक मीडियम, म्हणजे रंगद्रव्य नसलेला ॲक्रिलिकचा चिकट द्रव, मिसळून तो पातळ करावा लागतो आणि हात दोन-तीनऐवजी चार-पाच द्यावे लागतात. निव्वळ पाणी फार घातले, तर त्यातला बांधणारा चिकट पदार्थ विरळ होतो आणि वाळलेला रंग बोटाला पावडरीसारखा लागतो.

काय वापरू नये तेही स्पष्ट सांगायला हवे. पोस्टर कलर वाळल्यावरही पाण्याने निघतो. कापडावरचा रंग रबरासारखा लवचीक राहतो आणि दोन रंगवलेले भाग एकमेकांना टेकले की चिकटतात. नेलपॉलिश मुलांना मोहात पाडते, पण त्यातले सॉल्व्हंट एबीएसला अक्षरशः विरघळवते. नेलपॉलिश काढायचे ॲसिटोनही त्याच कारणासाठी एबीएसच्या भागापासून दूर ठेवावे.

सुरुवातीला पन्नास बाटल्यांचा संच घेण्याची गरज नाही. आपल्या वनरक्षकासाठी पांढरा, काळा, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, बर्न्ट अंबर, अल्ट्रामरीन निळा, क्रिमसन लाल आणि एक चंदेरी, एवढे आठ रंग पुरतात. ब्रश मात्र स्वस्तातले घेऊ नयेत. दोन नंबरचा एक आणि शून्य नंबरचा एक, दोन्ही गोल आणि ओले केल्यावर टोक एकवटणारे असावेत. तीन शून्यांचा केसासारखा ब्रश डोळ्यांसाठी हवा असे सर्वांना वाटते, पण त्यात इतका कमी रंग मावतो की तो डोळ्यापर्यंत पोहोचेपर्यंतच वाळतो. चांगल्या टोकाचा शून्य नंबर जास्त कामाचा. चंदेरी रंगासाठी एक जुना ब्रश वेगळा ठेवावा, कारण त्याची चमकी पाण्याच्या भांड्यात उतरते आणि मग सगळ्या रंगांत दिसू लागते.

धुणे, सोडवणे, घासणे

साच्यातून भाग सहज सुटावा म्हणून कारखान्यात वापरलेल्या द्रव्याचा आणि आपल्या बोटांच्या तेलाचा थर फिगरवर असतो. भांडी घासायचे लिक्विड कोमट पाण्यात घालून जुन्या टूथब्रशने ती खळखळून धुवावी आणि रात्रभर वाळू द्यावी. सांध्यांत पाणी राहते, म्हणून घाई करू नये.

त्यानंतर जेवढे भाग सुटे होतील तेवढे सोडवावेत. डोके आणि पंजे गरम पाण्याने सुटतात. उकळून आचेवरून उतरवलेल्या पाण्यात तो भाग चिमट्याने अर्धा ते एक मिनिट धरला की पीव्हीसी मऊ पडते, आणि मग खुंटी न पिळता सरळ ओढली तर बाहेर येते. जोर लावावा लागला तर थांबून पुन्हा गरम करावे. थंड खुंटी पिळल्याने ती आतच तुटते. लहान मुलांना या पायरीपासून दूर ठेवावे. चिकटवलेले धड उघडण्याच्या भानगडीत पहिल्या फिगरला पडू नये.

कारखान्यात छापलेली चिन्हे आणि जुना रंग काढण्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि इअरबड वापरावा. काही छापे हट्टी असतात, तिथे घासण्यापेक्षा वरून प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, देणे बरे. जो पृष्ठभाग रंगवायचा आहे तो हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने, पाण्यात बुडवून, हलकेच फिरवावा. उद्देश चमक घालवण्याचा आहे, आकार बदलण्याचा नाही. पेपर ओला ठेवला की प्लॅस्टिकची धूळ हवेत उडत नाही आणि नाकातोंडात जात नाही. चेहऱ्यावर पेपर लावू नये. तिथे धुणेच पुरे.

सांध्यांचा रंग का उडतो

नवख्यांची सर्वात मोठी निराशा इथे होते. फिगर सुंदर रंगते, आपण कोपर वाकवतो आणि खालचे मूळ प्लॅस्टिक रेघेसारखे उघडे पडते. असे होण्याचे कारण साधे आहे. कारखान्यात खुंटी आणि खोबण एकमेकांत घट्ट बसतील एवढ्याच मापाच्या असतात. रंग कितीही पातळ असला तरी त्याला जाडी असते, आणि त्या जाडीसाठी सांध्यात जागाच नसते. रंग चांगला असो की वाईट, जागा नसेल तर तो खरवडला जाणारच.

यावर तीन उपाय आहेत आणि मी ते याच क्रमाने मानतो. पहिला उपाय फिगर निवडतानाच करायचा. ज्या फिगरचे सांध्यांचे प्लॅस्टिक आपल्या अंतिम रंगाच्या जवळपास आहे ती घ्यावी. वनरक्षकासाठी मी तपकिरी किंवा वाळूच्या रंगाच्या गणवेशातला सैनिक शोधीन. निळ्या चकचकीत पोशाखातला वीर कितीही स्वस्त मिळाला तरी या कामासाठी नको, कारण खाकी गुडघ्यातून निळे प्लॅस्टिक डोकावले की सगळी मेहनत वाया जाते. दुसरा उपाय म्हणजे सांधा हलवत हलवत तो नेमका कुठे घासतो हे पाहून, तेवढ्याच भागावर पॉलिश पेपर जरा जास्त फिरवून रंगासाठी जागा करणे. किती घासायचे याचा अंदाज बोटांना येतो: सांधा किंचित सैल वाटला, पण हात सोडल्यावर पडला नाही, की थांबावे. तिसरा उपाय असा, की खुंटीचा आत जाणारा भाग मुळी रंगवूच नये. त्यावर मास्किंग टेप गुंडाळावी आणि रंग फक्त बाहेर दिसणाऱ्या भागापर्यंत न्यावा.

प्रायमर

प्लॅस्टिक आणि रंग यांच्यामधला हा दुवा आहे. स्प्रेच्या डब्यातला प्रायमर कडक एबीएसवर चालतो. मऊ पीव्हीसीवर तो चिकट राहण्याचा धोका वर सांगितलाच आहे. म्हणून ब्रशने लावायचा, पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक-पॉलियुरेथेन प्रायमर घ्यावा. त्याला चोवीस तास द्यावेत. तो हाताला कोरडा तासाभरातच लागतो, पण आतून पक्का व्हायला वेळ घेतो. शिवाय तो घासायला गेले तर साल निघाल्यासारखा सुटतो, म्हणून घासण्याचे सगळे काम त्याआधीच संपलेले असावे. रंग राखी असावा. पांढऱ्यावर चूक झाकत नाही आणि काळ्यावर पुढचा रंग मंदावतो.

रंग दुधाइतका पातळ

बाटलीतला रंग थेट फिगरवर नेऊ नये. तो पॅलेटवर घेऊन पाण्याचे एकदोन थेंब घालावेत आणि ब्रशने पॅलेटच्या कडेला लावून पाहावा. दुधाच्या पेल्याला आतून जशी पांढरी पातळ झिलई राहते, तशी झिलई राहिली की रंग जमला. पाण्यासारखा ओघळला तर जास्त पातळ, ब्रशच्या रेषा तशाच उभ्या राहिल्या तर घट्ट.

पॅलेटही घरीच होते. जेवणाच्या उथळ डब्यात ओला टिश्यू पेपर पसरावा आणि त्यावर केक भाजताना वापरतात तो बटर पेपर अंथरावा. खालचा ओलावा कागदातून झिरपत राहतो आणि रंग तासन्‌तास ओला राहतो. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात या पॅलेटवाचून गत्यंतर नाही, कारण तिथे रंग ब्रशवरच सुकतो. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात नेमके उलटे होते: हात वाळायला दुप्पट वेळ घेतो, म्हणून टिश्यूतले पाणी बरेचसे पिळून काढावे आणि पुढचा हात देण्याआधी घाई करू नये.

पहिला हात नेहमीच वाईट दिसतो. तो डागाळलेला, कुठे दाट कुठे विरळ असा येतो आणि तो पाहून नवखा माणूस घाबरून वर जाड रंग चोपडतो. तसे करू नये. वीसेक मिनिटे थांबावे, दुसरा हात द्यावा, पुन्हा थांबावे आणि तिसरा द्यावा. अर्धवट वाळलेल्या रंगावर ब्रश पुन्हा फिरवला तर तो फाटतो. राहिलेली जागा पुढच्या हातासाठी सोडून द्यावी. फिगर बोटात धरून रंगवू नये. खुंटीच्या जागी टूथपिक खोचून किंवा भाग बाटलीच्या बुचावर चिकटवून ते बूच धरावे.

त्वचेचा रंग

इथे मी मुद्दाम सविस्तर लिहितो, कारण तयार रंग आपल्याला इथेच कमी पडतात. बाटलीवर ‘फ्लेश’ असे लिहिलेला रंग बहुधा गोऱ्या युरोपीय माणसाच्या त्वचेचा असतो. तो लावून नुसता वर तपकिरी रंग मिसळला तर चेहरा मातकट आणि निर्जीव दिसतो. आपल्याकडच्या उन्हात फिरणाऱ्या माणसाच्या त्वचेत पिवळा, तांबूस आणि तपकिरी हे तिन्ही असतात, आणि ते तिन्ही वेगवेगळे मिसळले तरच रंगात जीव येतो.

वनरक्षकाचा मूळ रंग मी असा करतो: यलो ऑकर दोन भाग, बर्न्ट सिएना दोन भाग, पांढरा एक भाग, आणि ब्रशच्या टोकावर येईल एवढाच अल्ट्रामरीन. निळा कशाला, असे वाटेल. पण ऑकर आणि सिएनाची नारिंगी झाक त्याने उतरते आणि रंग विटेसारखा दिसत नाही. अधिक सावळा हवा असेल तर पांढरा कमी करून बर्न्ट अंबर वाढवावा. मिश्रण आपल्याच मनगटाच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूला धरून उजेडात पाहावे. याहून चांगला नमुना बाजारात मिळत नाही.

सावलीसाठी काळा वापरू नये. मूळ रंगात बर्न्ट अंबर आणि क्रिमसनचा एक ठिपका घालून तो गालफडाखाली, नाकाच्या बाजूंना, भुवयांखालच्या खळगीत आणि हनुवटीखाली द्यावा. उजेडासाठी केवळ पांढरा घातला तर सावळी त्वचा राख फासल्यासारखी दिसते; म्हणून मूळ रंगात आधी ऑकर आणि मग थोडा पांढरा घालावा आणि तो कपाळ, नाकाचा शेंडा, गालाचे हाड एवढ्यापुरताच ठेवावा. ओठ लाल रंगवू नयेत. मूळ रंगात सिएना आणि क्रिमसनचा अंश घातला की पुरे, आणि वरचा ओठ खालच्यापेक्षा गडद ठेवावा. पंज्यांचे तळवे फिकट असतात, ही गोष्ट पुष्कळजण विसरतात. दाढीचे खुंट दाखवायचे असतील, तर निळसर राखी रंग अगदी पाण्यासारखा पातळ करून जबड्यावरून एकदा फिरवावा.

डोळे

डोळ्यांचा पांढरा भाग शुद्ध पांढऱ्याने रंगवला तर माणूस दचकलेला दिसतो. पांढऱ्यात त्वचेच्या रंगाचा थेंब घालावा. तो वाळल्यावर गडद तपकिरी बुबुळ असे ठेवावे की त्याचा वरचा कडेचा भाग वरच्या पापणीखाली झाकला जाईल आणि खालची कड खालच्या पापणीला टेकेल. चारी बाजूंनी पांढरा दिसला की पुन्हा तीच दचकलेली मुद्रा येते. वरच्या पापणीच्या कडेला गडद तपकिरी बारीक रेघ द्यावी. खालच्या पापणीला रेघ देऊ नये. दोन्ही डोळे एकाच दिशेला बघतात की नाही हे मोबाइलवर फोटो काढून मोठा करून पाहावे, कारण समोर धरून जे लक्षात येत नाही ते फोटोत चटकन दिसते. चुकले तर ओलसर ब्रशने लगेच टिपून घ्यावे. वाळले असेल तर त्वचेचा रंग परत लावून पुन्हा सुरुवात करावी. चारदा करावे लागले तरी त्यात वावगे काही नाही, फक्त प्रत्येक हात पातळ असला पाहिजे.

गणवेश, बूट आणि बिल्ला

खाकीसाठी ऑकर तीन भाग, पांढरा दोन भाग आणि बर्न्ट अंबर एक भाग घ्यावा. इतक्या लहान वस्तूवर प्रत्येक रंग प्रत्यक्षापेक्षा गडद दिसतो, म्हणून गणवेश जसा वाटतो त्याहून जरा फिकटच मिसळावा. त्याच कारणाने बुटांना आणि पट्ट्याला निव्वळ काळा न देता काळ्यात अंबर मिसळावा. मग चामडे चामड्यासारखे दिसते आणि पुढच्या सावलीला जागा राहते. लाल किंवा पिवळा बिल्ला रंगवायचा असेल तर खाली आधी पांढरा किंवा फिकट तांबूस ठिपका द्यावा, कारण हे दोन रंग पारदर्शक असतात आणि खाकीवर थेट लावले तर मळकट दिसतात.

गणवेश पूर्ण वाळल्यावर वॉश द्यावा. बर्न्ट अंबरमध्ये चिमूटभर काळा आणि भरपूर मीडियम घालून केलेले हे तपकिरी पाणी घड्यांमध्ये, खिशांच्या कडांना आणि शिवणीत सोडावे. सपाट जागेवर ते साचले तर कोरड्या ब्रशने लगेच टिपून घ्यावे, नाहीतर वाळल्यावर चहाच्या कपाखाली उमटते तसे कडे राहते. मग फिकट खाकी ब्रशवर घेऊन तो कागदावर जवळजवळ कोरडा होईपर्यंत पुसावा आणि कॉलर, खिशांचे झाकण, गुडघे अशा उंचवट्यांवरून हलकेच फिरवावा. याला ड्राय ब्रश म्हणतात. जंगलात हिंडणाऱ्या माणसाच्या पँटला गुडघ्यापासून खाली धूळ असते, तीही याच रीतीने येते. पण चेहऱ्यावर ड्राय ब्रश करू नये, त्वचा खरखरीत दिसते.

वार्निश आणि जोडणी

एवढे झाल्यावर रंगाला किमान दोन दिवस द्यावेत. ॲक्रिलिक हाताला वीस मिनिटांत कोरडा लागला तरी पूर्ण पक्का व्हायला वेळ घेतो. मग पाण्यातलेच मॅट, म्हणजे न चमकणारे, वार्निश ब्रशने दोन पातळ हातांनी लावावे. बाटली आधी भरपूर हलवावी, कारण चमक मारणारी पूड तळाशी बसते. न हलवता वापरलेले वार्निश एका जागी चकाकते आणि दुसरीकडे पांढरट डाग सोडते. पावसाळ्यात, दमट हवेत स्प्रेचे वार्निश अजिबात मारू नये; त्यात हवेतला ओलावा अडकून सगळ्या फिगरवर धुक्यासारखी पांढरी साय धरते. असे झालेच, तर कोरड्या दिवशी वरून चकचकीत वार्निशचा एक हात दिल्यास ती साय बरीचशी जाते, आणि मग पुन्हा मॅट देता येते. स्प्रे कोणत्याही ऋतूत वापरायचा असला तरी मोकळ्या हवेत आणि सॉल्व्हंटच्या वाफा अडवणारा मास्क लावूनच वापरावा. धुळीचा साधा मास्क त्या वाफांना अडवत नाही.

सर्वात शेवटी डोळ्यांवर, बुटांच्या टोकांवर आणि बिल्ल्यावर चकचकीत वार्निशचा एकेक ठिपका ठेवावा. बाकी सारे अंग मॅट असले की एवढ्यानेच नजर ओली, जिवंत दिसते.

जोडताना खोबण हेअर ड्रायरने कोमट करून खुंटी सरळ आत ढकलावी. गरम पाणी आता वापरू नये. सांधे पहिल्यांदा वाकवताना अगदी सावकाश वाकवावेत आणि आठवडाभर फिगर एकाच स्थितीत उभी ठेवावी, कारण ओला वाटत नसलेला रंगही दाबाखाली राहिला तर समोरच्या भागाला चिकटतो. रंगवलेली फिगर तोंडात वस्तू घालणाऱ्या लहान मुलांच्या हाती देऊ नये, आणि ब्रशचे टोक ओठांनी एकवटण्याची सवय आपणही लावून घेऊ नये. काही रंगद्रव्ये विषारी असतात.

खाकी आणि त्वचा यांची उरलेली मिश्रणे फेकू नयेत. डोळ्यांच्या औषधाच्या धुतलेल्या बाटलीत ती भरून वर प्रमाण लिहिलेली चिठ्ठी चिकटवावी. महिन्याभराने कोपराशी किंवा काखेत रंग थोडा घासला जातोच, आणि तेव्हा तोच खाकी पुन्हा मिसळायला गेल्यास डाव्या बाहीचा रंग उजव्या बाहीशी जुळत नाही.